बिनजोड पट्टा

मागच्या अंगणातलं कडूसालीचं झाड मी चौदा वर्षं वाढवलं आणि जावईबापूंनी ते चौदा मिनिटांत सोललं. याहून सभ्य शब्द मला सापडत नाही.

त्याची साल इतकी कडू, की काढा उकळायला ठेवला की भिंतीवरची पाल शेजाऱ्यांकडे राहायला जाते. एका पोस्टमनला असा खोकला झाला होता, की त्याच्या ढासेने पाकिटांवरची तिकिटं उडायची. माझ्या काढ्याचे दोन घोट घेतले आणि खोकला चप्पल न घालता पळाला. पोस्टमनची बदली झालीय, नाहीतर साक्षीला उभाच केला असता.

पण साल काढायची रीत असते. तळहाताएवढी उभी पट्टी, एकाच बाजूची. जखमेवर ओल्या मातीचा लेप. ती भरेपर्यंत सुरी झाडाजवळ न्यायची नाही, मग घरात कुणी कितीही खोको. पानांनी केलेलं जेवण सालीतून मुळांना पोचतं. चहूबाजूंनी साल काढली की मुळं उपाशी. हे मी मुलीला शिकवलं. जावयाला शिकवायचं राहिलं.

जावई शिंपी. त्यांनी शिवलेल्या सदऱ्याची शिवण शोधायला भिंग लागतं. त्या आठवड्यात मी डोळे दाखवायला बाहेरगावी गेलो होतो, मुलगी खोकत झोपली होती. यांनी मायेपोटी टेप घेतली, झाडाची कंबर मोजली, अठ्ठावीस इंच, खडूने वर-खाली रेघा मारल्या आणि वीतभर रुंदीचा अख्खा पट्टा उतरवला.

मी आलो तर पट्टा दोरीवर वाळतोय आणि झाड कमरेला उघडं.

"बाबा, एकाच तुकड्यात काढली," जावई खुशीत म्हणाले. "कुठेही जोड नाही."

जावयाला शिवी देता येत नाही. मी ती गिळली. काढ्यापेक्षा कडू होती.

"जावईबापू, तुमच्या गळ्याभोवती मी अशीच बिनजोड कॉलर कापली, तर जेवाल कुठून?"

"बाबा!" आतून मुलगी ओरडली. "माझ्यासाठीच केलं ना त्यांनी!"

"तू खोक!"

"खोकला कालच थांबला. नुसत्या गरम पाण्याने."

म्हणजे झाड गेलं ते फुकट! माझ्या डोक्याचं इतकं तापमान झालं, की त्यावर काढा उकळला असता.

"मरेल का हो?" जावयांनी विचारलं.

"महिनाभर हिरवं दिसेल. तुम्हाला वाटेल, म्हातारा उगाच बोंबलत होता. मग वाळेल."

उपाय एकच होता, आणि तो माझ्या थरथरत्या हातांनी होणार नव्हता. त्याचा संताप वेगळाच. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या कोवळ्या काड्या कापायच्या, दोन्ही टोकं तासायची, एक टोक जखमेखालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत खुपसायचं. उघड्या भागावर पूल बांधायचे, म्हणजे जेवण खाली उतरेल. साल सैल सुटायचे दिवस होते. म्हणून तर यांना पट्टा इतका सहज मिळाला होता!

"काडी उलटी लावू नका," मी खुर्चीवरून खेकसलो. "शेंडा वर."

"काडीला उलटसुलट असतं?"

"कापडाला असतं ना? मग?"

जावयांनी नऊ काड्या बसवल्या. बारीक खिळे मारले, मेण लावलं. शेवटी म्हणतात, "बाबा, जोड फार दिसतोय."

"दिसू दे! जन्मभर दिसू दे!"

तीन काड्या वाळल्या. सहा जगल्या, जाड झाल्या. दुसऱ्या वर्षी झाडाला इतकी पालवी आली, की अंगणात दुपारी दिवा लावावा लागला. पट्टा मी फेकला नाही. दर रविवारी त्यातला तुकडा उकळून जावयांना एक कप पाजला. अठ्ठावीस इंच संपवले त्यांनी, हूं की चूं न करता.

काल मला ठसका लागला. मुलगी सुरी घेऊन अंगणात गेली, तर जावई गळ्यात टेप अडकवून झाडासमोर आडवे उभे.

"तळहाताएवढी. उभी. आणि त्या सहा काड्यांना हात लावायचा नाही. मागची जखम भरलीय का, ते आधी बघ."

माझं वाक्य, माझ्या अंगणात, माझ्याआधी! वर मला विचारतात, "बाबा, आधी गरम पाणी घेऊन बघता का?"

अंगाचा तिळपापड झाला. पण जखम भरली नव्हती, हे खरं. मी गरम पाणी प्यालो.