टिंबामागचं पाणी

"धनीरामले वाचता आलं नाही, दुसरं काय!" कृष्णराव विडी विझवत म्हणाले. "आमाले सगळ्यायले मोबाइलवर नऊ पॉइंट सत्याऐंशी आला होता. आमी डोंगे पाण्यातून काढून घेतले. हा मातर गेला."

कारध्याच्या घाटावर धनीरामचा दहावा चालला होता. कृष्णराव मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. मनाने वाईट नव्हते, पण जिभेला हाड नसतं. चाळीस वर्षं वैनगंगेत जाळं टाकलेला माणूस बुडून मेल्यावर दहा दिवसांत अडाणी ठरला होता. त्याची बायको मंदाबाई मान खाली घालून ऐकत होती. तिचा हात लेकीच्या, नंदिनीच्या हातात होता.

खरं काय ते नंदिनीला ठाऊक होतं आणि तिला एकटीलाच.

नदीची पातळी मोबाइलवर धाडणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. भंडाऱ्याच्या एका कचेरीत ती कंत्राटावर होती. पुलाच्या खांबावरचं यंत्र मीटरमध्ये आकडा द्यायचं. प्रोग्राम तो दोन दशांशांपर्यंत छापून संस्थेतल्या सगळ्यांना पाठवायचा. साडेनऊच्या वर पाणी गेलं की नदीत डोंगा घालायचा नाही, हा संस्थेचा नियम. पहिला मेसेज आला तेव्हा बाप तो दाखवत गावभर हिंडला, आणि घरी येऊन लेकीला हळूच म्हणाला, "माय, ह्या टिंबामांगचं मले काही समजत नाही. मले एकच आकडा धाडत जाय न."

लेकीने त्याच्या नंबरापुरती वेगळी ओळ लिहिली. टिंब काढून आकडा पूर्ण केला. "बाबा, नऊ दिसला तं जा. दहा दिसला का घरी बसायचं." साडेनऊच्या पुढे पाणी गेलं की आपोआप दहा छापला जाईल, असं ती धरून चालली. कचेरीचं काम ती चारदा तपासायची. हे घरचं काम, म्हणून एकदाही तपासलं नाही. आणि तिने लिहिलेली ओळ जवळचा आकडा धरत नव्हती, टिंबामागचं सरळ छाटून टाकत होती. नऊ पॉइंट सत्याऐंशीचे नऊच उरले.

"मी म्हटलं होतं," मंदाबाई पुटपुटली, "पाणी लय दिसून राहिलं, जाऊ नोका. तं म्हणे, नंदिनीनं नऊ सांगतलं."

धनीरामचा मोबाइल त्याच्याबरोबरच नदीत गेला होता. नंदिनी गप्प राहिली असती तर कोणालाच पत्ता लागला नसता. नोकरी राहिली असती. माय आपली राहिली असती.

"काका," ती म्हणाली. "बाबानं बरोबर वाचलं. त्यायच्या मोबाइलवर नऊच गेला होता. माह्या प्रोग्रामची चूक हाये. माही चूक हाये."

कृष्णरावांनी हातातली विझलेली विडी उगाच चुरगाळली.

"नऊच होता?" मंदाबाईने विचारलं.

"हो माय. नऊच."

मंदाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने मान वर केली.

"आयकलं न भाऊ?" ती कृष्णरावांना म्हणाली. "वाचता येत होतं त्यायले."

पदर सारखा करायला सोडवून घेतलेला हात तिने परत नंदिनीच्या हातात दिला नाही.