कोनाड्यातला कप

हसू नका मित्रांनो, मी एक जुना, कान तुटलेला कप आहे. साखरखेर्ड्याच्या बाजारातून आलो तेव्हा काय माझा तोरा होता! अंगावर निळी वेल, काठ सोनेरी. गावातल्या हॉटेलात गिऱ्हाइकं माझं कौतुक करायची. एकदा हातातून सुटलो, कान गेला आणि माझी रवानगी बाहेरच्या कोनाड्यात झाली. ज्यांना तेव्हा अस्पृश्य मानत, त्यांच्यासाठी. त्यांनी मला उचलायचं, मालकानं वरून चहा ओतायचा आणि पिऊन झाल्यावर त्यांनीच मला धुऊन पालथं ठेवायचं. तरणाताठा प्रेमानंद असाच बाहेर उभ्यानं चहा प्यायचा. मला फार वाईट वाटायचं. चहा तर तोच होता ना!

पुढे ती रीत मोडली, हॉटेलही बंद पडलं. मी माळ्यावर धूळ खात पडलो. परवा मालकाची नात काजल 'आमच्या हॉटेलातला जुना कप' म्हणून मला मोठ्या दिमाखात शाळेत घेऊन आली. माझा तुटका कान पाहून इतिहासाच्या रेणुका मॅडमनी ओळखलं, मी कोणासाठी होतो ते, आणि त्या पेचात पडल्या. प्रेमानंदची नात मनाली त्याच वर्गात. शिकवावं तर पोरीचा चेहरा उतरायचा, न शिकवावं तर तो खोटेपणा. शेवटी त्या प्रेमानंदआबांच्या घरी गेल्या.

"शिकवा नं मॅडम," आबा म्हणाले. "पन माह्या नातीकडे बोट दाखवू नका. मीच येतो सांगाले."

आबा आले. मला हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. काजल रडवेली झाली. माझा जीव मात्र मनालीत अडकला होता. मान खाली घालते की काय? छे! ती ताठ बसली होती.

"आबा, तुमाले राग नाही आला काय?"

"आला नं वं माय! म्हनून तं तुह्या बापाले शिकवलं."

मग सगळ्यांसाठी सारख्याच कपांत चहा आला. पिऊन झाल्यावर आबा जुन्या सवयीनं आपला कप धुवायला नळाकडे निघाले. काजल धावतच आडवी आली.

"आबा, द्या इकडे. मी धुते."

आबा जरा थबकले, मग हसून त्यांनी कप तिच्या हातात दिला. मनालीही हसली. आणि काय सांगू, मलाच भरून आलं!

आता मी वर्गातल्या कपाटात मजेत आहे. मित्रांनो, मला फोडू नका, लपवूही नका. अधूनमधून धूळ पुसा. फक्त माझ्यात पुन्हा कोणाला चहा देऊ नका.