नदीपलीकडून आलेली गाडी

मार्लीन हेकमनने सुकलेल्या पानांचा ढीग पोत्यात दाबला आणि कंबर सरळ करायला उभी राहिली, तोच एक निळी गाडी कोपऱ्यावरून वळून तिच्याच दारात येऊन थांबली. मागच्या बंपरवर एक पांढुरका चट्टा होता. नातीने चिकटवलेलं चित्र खरवडून काढताना तो मार्लीननेच केला होता. तिच्या हातातून दाताळं गळून पडलं.

पायऱ्यांवर कॉफी पीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, नॉर्बर्टनेही गाडी ओळखली होती. कप तोंडाजवळच राहिला.

"मेलेलं माणूस दारात यावं तशी आली की गं ही," तो पुटपुटला.

गाडीतून एक कोवळी पोर उतरली. केस कसेबसे बांधलेले, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मागच्या सीटवर बाळ झोपलेलं होतं.

"माफ करा हं मॅडम, अशी न सांगता आले. मी टॅबिथा. नदीपलीकडून, केंटकीतून आले. गाडीच्या नकाशात 'घर' म्हणून हा पत्ता होता. म्हटलं, आधीची मालकीण भेटेल."

गाडी कंपनीला परत करताना नॉर्बर्टने सीटखाली पडलेली नाणीसुद्धा शोधून काढली होती. नकाशातलं घर पुसायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"उताराला बंद पडली हो," टॅबिथा म्हणाली. "चालता चालता. सगळे दिवे गेले, स्टिअरिंगचं चाक दगडासारखं घट्ट झालं. गॅरेजवाला म्हणतो, काही सापडत नाही. नवरा म्हणतो, बाळ झाल्यापासून तुझी झोप होत नाही, तुलाच डुलकी लागली असेल. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

काही सापडत नाही. हे वाक्य मार्लीनने इतक्यांदा ऐकलं होतं की स्वप्नातही तेच यायचं. कंपनीची माणसं सपाट रस्त्यावर गाडी फिरवून आणायची आणि मान हलवायची. टेकडीच्या उतारावर शेवटच्या वळणाला गाडी मेली, तेव्हा मागे नात बसलेली होती आणि तिच्याही मागे ट्रक होता. ट्रक थांबला. पण त्याचा भोंगा मार्लीनच्या कानातून गेलाच नाही. अजून भांडी घासताना मध्येच ती नळ बंद करून कानोसा घेई.

नवी गाडी पुन्हा पुन्हा बिघडली आणि दुरुस्त होईना, तर ती कंपनीने परत घ्यावी, असा कायदा आहे. मार्लीन वकिलामार्फत इरेला पेटून भांडली आणि जिंकली. कंपनीने गाडी परत घेतली, पैसे दिले, आणि या प्रकरणाबद्दल कुणापाशी चकार शब्द काढणार नाही, असं लिहून घेतलं. तिने सही केली. भांडून भांडून ती थकली होती, आणि गाडी एकदाची डोळ्यांसमोरून जाईल, एवढंच तिला दिसत होतं. ती पुढे कुणाच्या दारात जाईल, हे तिने मनात येऊच दिलं नव्हतं.

"विकताना काही सांगितलं नाही तुला?" तिने विचारलं.

"कोण सांगणार? कागद अगदी स्वच्छ होते, दोषाचा कुठे उल्लेखच नाही."

"मार्लीन," पायऱ्यांवरून नॉर्बर्ट म्हणाला. आवाज शांत होता, पण त्यात धाक होता. "सही तू केलीयेस. जिभेला आवर घाल. त्या पैशांतून घराचं छप्पर झालंय, आता ते काढून द्यायचं का त्यांना?"

टॅबिथाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मला बाकी काही नको. गाडीतच दोष आहे की मी वेडी झालेय, एवढंच सांगा."

त्या पोरीच्या जागी मार्लीनला ती स्वतःच दिसत होती, गॅरेजच्या काउंटरसमोर उभी, समोरचा माणूस समजूत घातल्यासारखा हसतोय.

"मला त्याबद्दल बोलता येत नाही, बाळा," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःची शिसारी आली.

टॅबिथाचे खांदे पडले. "म्हणजे तुम्हीही काही सांगणार नाही तर," ती हळू म्हणाली. "नवरा म्हणालाच होता, उगाच चाललीयेस. बरं, येते मी. टेकडीवरूनच जाते, पुलाला लवकर लागेन."

ती गाडीत बसली. पट्टा लावला. इंजिन सुरू झालं, अगदी निर्मळ आवाजात, जसं ते नेहमीच सुरू व्हायचं. गाडी मागे सरकू लागली, तशी मार्लीन पोत्याला अडखळत धावली आणि तिने काचेवर थापटी मारली.

काच खाली आली.

"बाळाला बाहेर काढ."

"काय?"

"बाळाला बाहेर काढ त्या गाडीतून. आणि तूही उतर. आत्ता."

टॅबिथा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने इंजिन बंद केलं. खाली उतरून मागचं दार उघडलं, पण घाईघाईत तिच्याने पाळणासीटचा खटका दाबला जाईना.

नॉर्बर्ट कप ठेवून पायऱ्या उतरला. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत तो वाकला, खटका दाबला आणि झोपलेल्या बाळासकट ती सीट अलगद उचलली.

"हे बघ पोरी," तो म्हणाला, "हिने तुला काहीही सांगितलेलं नाही. कळलं?"

"कळलं," टॅबिथा म्हणाली, आणि रडायला लागली.

"चल मग आत. केवढा गारठा आहे, बाळाचे पाय बघ उघडे."