दोन हेडमास्तर आणि एक पेन्सिल

विभागातल्या सगळ्या शाळांचा मिळून वर्षातून एकदा गुणगौरव सोहळा व्हायचा. आपल्या शाळेची किती मुलं मंचावर चढतात, त्यावर हेडमास्तर मंडळींची मान ताठ राहायची किंवा खाली जायची. नदीकाठच्या शाळेच्या हेडसरांची मान बरीच वर्षं खालीच होती. टेकडीवरच्या शाळेचे हेडसर मात्र दरवेळी मुलांची पलटण घेऊन ऐटीत यायचे. त्यात दुखरी गोष्ट अशी, की दोघे एकमेकांचे साडू. थोरली बहीण नदीकाठच्या सरांच्या घरात, धाकटी टेकडीवरच्या. त्यामुळे एकमेकांना टाळायचीही सोय नव्हती.

त्या वर्षी टेकडीवरच्या शाळेतली एक मुलगी गणिताच्या स्पर्धेत अख्ख्या देशात पहिली आली. उंच, काटकुळी, कानामागं कायम पेन्सिल खोचलेली. म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणत. नदीकाठच्या सरांनी वर्तमानपत्रातला फोटो पाहिला आणि ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

"ही तर आपली पोरगी," ते समोरच्या क्लार्कला म्हणाले. "सातवीपर्यंत इथंच होती. आई नर्स, तिची बदली झाली म्हणून मागच्या वर्षी गेली."

सोहळ्याच्या तयारीची बैठक शिक्षणाधिकारी बाईंच्या कार्यालयात होती. पेन्सिलच्या नावापुढं शाळा कुठली लिहायची, असं बाईंनी सहज विचारलं आणि दोन्ही साडू एकदम बोलायला लागले.

"आज ती माझ्या पटावर आहे," टेकडीवरचे सर म्हणाले.

"सात वर्षं आमच्या पटावर होती. पाया आम्ही घातला."

"साडूभाऊ, पाया घालणारे घराची वास्तुशांत करत नाहीत."

बाकीचे हेडमास्तर गालातल्या गालात हसत चहा पीत होते. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन्ही शाळांची नावं घेऊ. आणि दोघांनीही तिच्याबद्दल दोन शब्द बोला. आता पुढचा विषय."

नदीकाठचे सर घरी आले ते गड जिंकल्याच्या थाटात. जेवण झाल्यावर भाषण लिहायला बसले. 'आमच्या शाळेनं या गुणी मुलीचा पाया घातला,' एवढं लिहिलं, आणि पेन थांबलं ते थांबलंच.

"वाचा की," बायको म्हणाली.

त्यांनी वाचलं.

"पुढं? पोरीची एखादी गोष्ट सांगा. ती कशी होती, काय करायची."

सरांना मुलीची उंची आठवत होती, ती पेन्सिल आठवत होती. आवाज आठवत नव्हता.

"अहो, तिच्यासाठी माझ्या बहिणीच्या नवऱ्याशी भांडून आलात ना?" बायको म्हणाली आणि भांडी आवरायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणिताच्या मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर सरळ माणूस. ते म्हणाले, "हुशार होती, सर. पण तोंड उघडायची नाही. उत्तर बरोबर यायचं, रीत मात्र भलतीच असायची. पुस्तकात नसलेली. मी गुण कापायचो."

"नेहमी?"

"नेहमी." मास्तरांनी मान खाजवली. "आता वाटतं, ती रीत एकदा बसून बघायला हवी होती. पण वर्गात साठ पोरं, कुणाकुणाची बघणार?"

हे काही भाषणात घालण्यासारखं नव्हतं. शेवटी सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते पेन्सिलच्या घरी जाऊन थडकले.

नर्सबाई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या. पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसल्या होत्या. सरांना बघून गडबडीनं उठू लागल्या.

"बसा, बसा. पाय भिजू द्या," सर म्हणाले. "मी पोरीशी बोलायला आलोय."

पेन्सिल आतून आली. आणखी उंच झाली होती. सर स्टुलावर टेकले आणि आडपडदा न ठेवता बोलून गेले. "उद्या मला तुझ्याबद्दल बोलायचंय. आणि मला तुझ्याबद्दल काहीच ठाऊक नाही. आमच्या शाळेचा तुला काही उपयोग झाला का गं? झाला नसेल तर तसं सांग. मला राग नाही येणार."

आई बोलणार होती, पण तिनं मुलीकडं बघून तोंड मिटलं.

"गच्चीचा जिना होता ना, कुलूप लावलेल्या दारापर्यंत जाणारा," पेन्सिल म्हणाली. "खेळाच्या तासाला मी तिथं गणिताची वही घेऊन बसायचे. एकदा तुम्ही वर आलात. मला वाटलं, आता ओरडतील. तुम्ही विचारलं, किती वेळ लागेल? मी म्हटलं, माहीत नाही. तुम्ही म्हणालात, बरं. आणि खाली गेलात."

"आणि?"

"आणि मग तिथं बंद पडलेला दिवा होता, तो लागायला लागला. मला कुणी उठवलंही नाही. मी वर्षभर तिथंच गणितं सोडवली."

सरांनी आठवून पाहिलं. जिना आठवला. मुलगी नाही, दिवाही नाही. दिवा त्यांनी लावायला सांगितला होता, की वायरमननं आपण होऊन लावला होता, देव जाणे.

"मला आठवत नाही गं," ते म्हणाले.

"मला आठवतं," ती म्हणाली.

सोहळ्याचा हॉल गच्च भरला होता. पोहणारी मुलं, चित्रं काढणारी, वक्तृत्वातली, बुद्धिबळातली. आयांनी केस चापूनचोपून बसवलेली, आणि मागं उभे राहून मोबाइल उंच धरलेले बाप. पेन्सिलची पाळी आली तसे टेकडीवरचे सर आधी माइकपाशी गेले. खिशातून घडी केलेले कागद काढले. विशेष मार्गदर्शन, शिस्त, निकालाची परंपरा. एकेक शब्द वजनदार होता. लोक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेऊ लागले. मंचावर उभी पेन्सिल आपल्या चपलांकडं बघत होती.

मग नदीकाठचे सर उठले. हातात कागद नव्हता.

"या मुलीबद्दल बोलायला मिळावं म्हणून मी भांडलो," ते म्हणाले. "भांडून झाल्यावर कळलं, की मला बोलण्यासारखं काही ठाऊकच नाही. म्हणून काल तिच्या घरी जाऊन तिलाच विचारलं. आमच्या गणिताच्या मास्तरांनी तिचे गुण कापले. हे त्यांना विचारूनच सांगतोय, ते तिथं तिसऱ्या रांगेत बसलेत."

हॉलमध्ये हसू पिकलं. मास्तरांनी उठून नमस्कार केला, तेव्हा ते आणखी वाढलं.

"गणित आम्ही शिकवलं, असं मी म्हणणार नाही. आमच्या जिन्यावर तिला निवांत बसता आलं, एवढंच खरं. शाबास, पोरी."

ते खाली उतरले. टाळ्या झाल्या, पण त्यांना हलकं वाटलं ते टाळ्यांमुळं नव्हे.

शिक्षणाधिकारी बाईंनी माइक पेन्सिलपुढं धरला. ती बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"स्पर्धेच्या परीक्षेला मी जाणार नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्या गावी होती, आणि आईला सुट्टी नव्हती. मला आमच्या आत्ताच्या हेडसरांनी त्यांच्या स्कूटरवर नेलं. पेपर संपेपर्यंत ते बाहेर उन्हात उभे होते. मधेमधे खिडकीतून दिसायचे. थँक्यू, सर."

नदीकाठच्या सरांनी शेजारी पाहिलं. साडू खाली मान घालून भाषणाच्या कागदांच्या घड्या घालत होते. कान लाल झाले होते.

"साडूभाऊ," नदीकाठचे सर कुजबुजले, "एवढी पानं वाचलीत, त्यात हे कुठं होतं?"

"ते काय सांगायचं? त्यात शाळेचं काय आहे?"

"उन्हात कशाला उभे राहिलात? सावली नव्हती?"

"होती की पलीकडं. पण तिथून खिडकी दिसत नव्हती. पोरगी बावरलेली होती. मान वर केली तर ओळखीचं कुणीतरी दिसावं तिला, म्हणून." मग कागदाची आणखी एक घडी घालत म्हणाले, "तिला दिसतोय की नाही, ते मला आजवर ठाऊक नव्हतं."

नदीकाठच्या सरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मंचावर पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं. अक्षर सुंदर म्हणून बक्षीस मिळालेला दुसरीतला पोरगा होता; शाळा बाजारापलीकडची, दोघांपैकी कुणाचीच नाही. चढताना त्याच्या बुटाची नाडी सुटली आणि तो पायरीवरच खाली बसून ती बांधायला लागला. नाडी काही बांधली जाईना. शिक्षणाधिकारी बाई बक्षीस हातात धरून थांबल्या. अख्खा हॉल थांबला.

"सावकाश, बाळा," टेकडीवरचे सर म्हणाले, आणि दोघे साडू टाळ्यांसाठी हात तयार ठेवून वाट बघत बसले.