जाहिराती वगळून

"लेखाचं नाव सांगा, मावशी. नाहीतर लेखकाचं."

"लेख नाही रे. जाहिरात."

कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी मासिकं आणि वर्तमानपत्रं सांभाळणाऱ्या कारकुनाने कीबोर्डवरून बोटं उचलली. संगणकात लेखक होता, विषय होता, वर्ष होतं. जाहिरातीला रकाना नव्हता.

"कसली जाहिरात?"

"शिलाई मशीनची. मशीनमागे एक मुलगी बसलीय हसत. ती मी."

कारकुनाने समोर नीट पाहिलं. साठी उलटलेल्या बाई, जाड काचांचा चष्मा, बोटांची टोकं सुईने चाळणी झालेली. गल्लीत त्यांना पडदेवाल्या बाई म्हणत. अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांना त्यांच्या हातचे पडदे होते. उरलेली अर्धी गल्ली त्यामुळेच त्यांच्यावर नाराज होती. तिला आतलं काही दिसत नसे.

"म्हणजे तुम्ही मॉडेल होतात?"

"एक दुपार. मशीनमध्ये दोराही नव्हता. मला तेव्हा शिवता कुठे येत होतं!"

ती जाहिरात मासिकात छापून आली तेव्हा त्यांचं लग्न ठरलेलं होतं. होणाऱ्या नवऱ्याने सायकल काढली आणि झाडून सगळ्या स्टॉलवरून तो अंक उचलला. एवढा खप बघून एजंटाने पुढच्या महिन्यात दुप्पट अंक मागवले आणि बिचारा बुडाला. उचललेल्या अंकांवर लग्नघरात आठवडाभर अंघोळीचं पाणी तापलं. पुढे लग्नात फोटो निघाला, पण नवरीची मान इतकी खाली होती की तो तिचा नाही, तिच्या भांगाचा फोटो झाला. त्याआधीचा एकही फोटो कुठे नव्हता.

नवरा गेल्या महिन्यात वारला. मुलाने त्याचा मोठा फोटो करून भिंतीवर लावला आणि म्हणाला, "आई, शेजारी तुझाही लावू. तरुणपणीचा काढ एखादा."

"आत्ताच?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी जाहिरातीचं सांगितलं. तो इतका हसला की दुखवट्याच्या घरात सुनेला त्याला गप्प करावं लागलं. "तू आणि जाहिरातीत? काहीतरीच तुझं, आई!"

म्हणून त्या आज इथे होत्या. मुलाला दाखवायचं होतंच. पण खरं म्हणजे त्यांना स्वतःलाच बघायचं होतं.

कारकून भला होता. त्याने मासिकाचं नाव घातलं. संगणक नाही म्हणाला. वर्ष घालून पाहिलं. संगणकाने विचार केला आणि पुन्हा नाहीच म्हणाला. शेवटी 'गृहशास्त्र' घातल्यावर त्याने 'पोषण' बघा म्हणून सांगितलं, आणि 'पोषण'ने 'कुक्कुटपालन'कडे बोट दाखवलं. कोंबड्यांच्या कपाटात, खुराड्यांवरच्या अहवालांशेजारी, ते मासिक वर्षावर्षाने बांधून ठेवलेलं होतं.

"नशीबवान आहात, मावशी! अख्खं वर्ष पूर्ण. एक पान गहाळ नाही."

बाईंनी हात साडीला पुसले आणि पानं उलटली. स्वेटरचे नमुने आले, सासूशी कसं वागावं ते आलं, बागेतल्या गोगलगायींचा बंदोबस्त आला. मशीन येईना. गोगलगायींसमोर शिवणीत अडकलेली कागदाची एक कड तेवढी होती.

"इथलं पान?"

"ते जाहिरातीचं असणार. बांधायला देताना जाहिराती आणि मुखपृष्ठं फाडूनच टाकतात. नियम आहे. जाडी वाढते ना."

"मग पूर्ण कसं म्हणालास?"

"मजकूर पूर्ण आहे."

बाई ग्रंथ उचलून खिडकीपाशी गेल्या आणि कापडाचा पोत बघावा तसं ते पान त्यांनी उजेडात तिरकं धरलं. अंक बांधायला जाईपर्यंत गठ्ठ्याखाली दबून राहिला असावा. समोरच्या पानाची शाई गोगलगायींवर उमटली होती. फिकट, तपकिरी, उलटी. एक चाक. त्याच्या वर हनुवटी, आणि खांद्यावर वेणी.

"अय्या," बाई म्हणाल्या.

कारकून वाकला. "अरे, खरंच की! नाक बघा, नाक तेच आहे!"

तो धावतच कॉपी काढायला गेला. मशीन नवीन होतं, हुशार होतं. कॉपीत गोगलगायी शिंगांसकट लख्ख आल्या. बाकी कागद पांढराशुभ्र.

"डाग आपोआप काढतं ते," कारकून ओशाळून म्हणाला. त्याने छपाई गडद केली. गोगलगायी काळ्याकुट्ट झाल्या, मुलगी आली नाही. मोबाइलने फोटो काढला. त्यात पिवळट पान आलं आणि त्यावर चहा सांडल्यासारखं काहीतरी.

"पेन्सिलीने गिरवलं तर?" बाईंनी विचारलं.

"ग्रंथावर? मावशी, माझी नोकरी जाईल."

"बरं. राहू दे."

त्या चष्मा पुसत बसल्या. बराच वेळ. काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या. कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"मी चहा पिऊन येतो," तो छताकडे बघत म्हणाला. "मला जरा वेळ लागतो चहाला."

बाईंनी खडूने कापड आखावं तशी हनुवटी आखली. मग वेणी, पेडापेडाने. मग मान, कान, नाक, हसताना वर गेलेली ओठांची कड. गोगलगायींच्या ओळींतून एक मुलगी हळूहळू वर आली.

कारकून परतला तेव्हा त्या तशाच वाकलेल्या होत्या.

"वा! आता पकडेल मशीन. काढू कॉपी?"

"थांब जरा."

डोळ्यांच्या जागी शाई उमटलीच नव्हती. तिथे कागद कोरा होता. त्यांनी पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"कसे होते, ते आठवत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल कोऱ्या जागेवर धरून तशाच बसून राहिल्या.