डेपोचं पान

धाकटीनं आपल्या लहानपणाची चित्रकादंबरी काढायला घेतली तेव्हा सगळ्यात जास्त हुरळून गेले ते तिचे वडील, आणि त्यांना तर दिसतच नव्हतं. जिन्यात जो भेटेल त्याला थांबवून ते सांगायचे, "आमची धाकटी पुस्तक काढतेय. माझ्यावर." आई म्हणायची, तुमच्यावर नाही, तिच्या स्वतःवर काढतेय. ते म्हणायचे, एकच झालं.

एका अर्थी एकच होतं. वडील पाट्या रंगवणारे पेंटर. धाकटी बारा वर्षांची असताना त्यांच्या नजरेच्या कडा विझायला लागल्या. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं अंधारात. डॉक्टरांनी हात टेकले होते. वडिलांनी ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. आई, धाकटी आणि लांबूकाका, एवढ्या तिघांनाच ती ठाऊक होती. लांबूकाका म्हणजे वडिलांचे वीस वर्षांचे जोडीदार, ताडमाड उंच, कमी बोलणारे. बसडेपोतलं रंगाचं सगळं काम दोघांकडे होतं: गाड्यांचे नंबर, मार्गांच्या पाट्या, दारांवरच्या सूचना. शाळा सुटली की धाकटी डेपोत जायची आणि वडिलांची वाकडी गेलेली अक्षरं गुपचूप सरळ करायची.

पुस्तकात हे सगळं आलं होतं. टर्पेंटाइनचा वास, पहिला स्वतःचा ब्रश, डेपोच्या कळकट संडासात आलेली पहिली पाळी आणि बाहेर पाठ करून पहारा देत उभे राहिलेले लांबूकाका. 'मागचे दार'च्या जागी तिनं एकदा 'माझे दार' रंगवलं होतं आणि ती गाडी तशीच तीन महिने गावभर फिरली होती, तेही आलं होतं. एकशे पाच पानं सुरळीत झाली. एकशे सहाव्या पानाशी हात थांबला. ते कोरं सोडून तिनं पुढची पानं पुरी केली.

प्रकाशनसंस्थेतल्या संपादकबाईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "ह्या पानावर वडील शिडीवर आहेत, पुढच्या पानावर घरी खाटेवर. मधे काय झालं?"

धाकटी म्हणाली, काम सुटलं.

"कसं सुटलं हे माहीत नसेल तर विचारून घ्या," बाई म्हणाल्या. "माहीत असेल तर काढा." पुस्तक छपाईला जायला एकवीस दिवस उरले होते.

माहीत नसायला काय झालं? ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. परीक्षा तोंडावर, अभ्यासाचा पत्ता नाही, बोटांना कायम रंग. एका दुपारी एक बस मागे येत होती आणि वडील वाकून डबा ढवळत होते. बाजूनं येणारी बस त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. धाकटीनं त्यांच्या सदऱ्याला धरून ओढलं तेव्हा मधे वीतभर अंतर उरलं होतं. ते तिच्यावरच खेकसले, डबा सांडला म्हणून. ती तशीच डेपोच्या साहेबांच्या खोलीत गेली आणि रडत सगळं सांगून मोकळी झाली. त्यांचा जीव वाचावा म्हणून सांगितलं हे खरं. आपली एकदाची सुटका व्हावी म्हणून सांगितलं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवसापासून वडिलांना डेपोचं फाटक बंद झालं. काम एकट्या लांबूकाकांकडे गेलं आणि वडिलांनी ताळा जमवला: बाहेरच्या एकालाच माहीत होतं, त्यालाच फायदा झाला. लांबूकाका घरी आले तर वडिलांनी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. आईबहिणीवरून बोलले. धाकटी दाराआड उभी होती. लांबूकाकांनी एकदाच तिच्याकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता जिना उतरून गेले. ते पुन्हा आले नाहीत. पुढची अठरा वर्षं त्या घरात कुणाच्याही दगाबाजीची गोष्ट निघाली की वडील लांबूकाकांचं उदाहरण देत, आणि धाकटी ताटातलं अन्न चिवडत बसे.

आता तिनं ते पान सहा वेळा काढलं आणि सहा वेळा फाडलं. साहेबांच्या दारात उभी राहिलेली ती मुलगी काही केल्या उभीच राहीना. कधी ती बिचारी दिसे, कधी कपटी. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी तिनं वेगळंच केलं. वडील सांगत आले होते तसं काढून बघितलं: लांबूकाका साहेबांच्या खोलीत शिरतायत, मान जराशी खाली. ते चित्र एका बैठकीत उतरलं. सगळ्या पुस्तकात इतकं सुंदर पान दुसरं नव्हतं. छापलं असतं तर कुणालाही शंका आली नसती. तिनं ते पान पालथं घातलं. ती उठली, चप्पल घातली आणि लांबूकाकांचं घर शोधत निघाली.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. सासरे गेले, म्हणाली, अकरा आठवडे झाले.

धाकटी पायरीवरच बसली. आपण कोण हे तिनं सांगितलं, तशी सुनेनं पाणी आणून दिलं. सूनबाईंना सगळं ठाऊक होतं. जोडीदाराची पोरगी रडत आली होती, हे साहेबांनीच सासऱ्यांना तेव्हा सांगितलं होतं.

"मी त्यांना विचारलं होतं, मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" सून म्हणाली. "तर म्हणाले, त्याला आता जन्मभर त्या पोरीचाच हात धरून चालायचंय. मी तो हात कशाला सोडवू?"

घरी आली तेव्हा वडील खिडकीशी रेडिओ ऐकत होते. धाकटीनं रेडिओ बंद केला आणि उभ्या उभ्या दोन्ही गोष्टी सांगितल्या. साहेबांना मी सांगितलं होतं. आणि लांबूकाका गेले. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

वडिलांनी रेडिओ चाचपून बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी त्याच्या आईवरून बोललो होतो."

धाकटी जवळ गेली तर त्यांनी हात झटकला. "शिवू नकोस मला."

त्यानंतर त्यांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. संडासला भिंत चाचपत एकटे जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी चौकटीवर आदळले, कपाळाला खोक पडली. आईनं हळद दाबली. धाकटी कापूस हातात घेऊन नुसती उभी. तिनं संपादकबाईंना कळवून टाकलं, पुस्तक होणार नाही. बाईंनी गळ घातली नाही. काढलेली सगळी पानं तिनं गठ्ठा बांधून कपाटावर टाकली. पुढे काय करायचं याचा विचार करायला गेलं की डोकं बधिर व्हायचं. जिवंत माणसाची ती माफी मागू शकली असती, अकरा आठवड्यांपूर्वीपर्यंत, अठरा वर्षांतल्या कुठल्याही दिवशी.

सहाव्या दिवशी दुपारी वडिलांनी आतून विचारलं, "त्याला कसा काढलायस?"

तिनं गठ्ठा सोडला. त्यांच्या खाटेपासून चार हात लांब बसून एकेक चौकट वाचून दाखवावी तशी सांगत गेली. उंची सांगितली, कायम एक बटण तुटलेला सदरा सांगितला. संडासाबाहेरच्या पहाऱ्याशी वडील पुटपुटले, हे मला कुणी सांगितलंच नाही. मग शिडीचं चित्र आलं.

"ब्रश कुठल्या हातात दिलायस?"

"उजव्या."

"चूक," वडील म्हणाले. "डावखुरा होता तो. एकाच शिडीवर दोन बाजूंनी दोघं रंगवायचो आम्ही, हाताला हात लागायचा नाही. वीस वर्षं." तोंड भिंतीकडे करून ते रडले. धाकटी जागची हलली नाही, कारण तिला तशी परवानगी नव्हती.

तिनं मोजलं. त्रेसष्ट चौकटी चुकल्या होत्या. पुस्तक होतंय असं बाईंना कळवलं, महिनाभराची मुदत मागून घेतली आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट नव्यानं काढल्या. एकशे सहावं पान शेवटी केलं. मुलगी साहेबांच्या दारात उभी आहे, तोंडावर शेंबूड आणि रंग. बिचारी दिसते का कपटी, हे बघायला धाकटी आता थांबली नाही. ते देखणं, खोटं पान तिनं फाडलं आणि तुकडे खाली जाऊन कचऱ्यात टाकून आली.

पुस्तक आलं. वडिलांनी ते हातात घेतलं, कडा चाचपल्या, जाडी बघितली आणि परत दिलं. धाकटीशी ते कामापुरतं बोलत. हात अजून धरू देत नव्हते. एका सकाळी आईला म्हणाले, मला त्याच्या घरी ने, सुनेला पुस्तक द्यायचंय. धाकटीनं मी येते म्हटलं नाही. तिनं चपला उचलून त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. कुणी ठेवल्या ते त्यांना कळलं असणार. क्षणभर ते थांबले, मग त्यांनी पाय आत सरकवले आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरू लागले.