दुधावरची मांजर

शेवटच्या संध्याकाळीही मायने पत्त्यांत लबाडी केली.

दुसऱ्या दिवशी गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. मंडईसाठी मी दरवर्षीप्रमाणे गोव्याहून आले होते. घरापुढच्या सपरीत चटई, चटईवर चिंचोक्यांचे तीन ढीग, आणि तीन पत्ती खेळायला आम्ही तिघी: माय, शेजारच्या शकुंतलाबाई आणि मी. पत्ते पिसायची पाळी आली की माय एकदम कान टवकारायची.

"पुष्पा, पाय बरं, दुधावर मांजर आली वाटते."

मी वळून चुलीकडे बघायची. आमच्या घरात मांजर कधीच नव्हती. मी परत वळेपर्यंत गड्डी मायच्या मनासारखी लागलेली असायची.

पोकर हा माझा धंदा आहे. गोंदियात एम.कॉम. करताना मोबाइलवर शिकले, मग गोव्याच्या कॅसिनोत बसू लागले, मग मकाव, मग लास वेगास. काळे चष्मे लावून बसलेल्या पुरुषांच्या गळ्यावरची शीर बघून मी त्यांची पानं ओळखते. देशात या खेळातल्या बायांची नावं घेतली की माझं आधी येतं. मला बघायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी, दुर्गाप्रसादजींनी, विचारलं होतं, "लडकी जुआ खेलती है क्या?"

"खेळत नाई," माय म्हणाली. "जिकते."

ते चहा न घेता उठले. त्यांचा चहाही मायनेच प्यायला.

एका मुलाखतीत मला विचारलं, सगळ्यांत अवघड प्रतिस्पर्धी कोण? मी म्हटलं, आई. ते कात्रण मायने दाराला चिकटवलं. येईल त्याला ऐकवायची, "साऱ्या दुनियेले हरवते, मले नाई." ती मिजास राहावी म्हणून मी हरत आले. मला सगळं दिसतं, हे तिला कधी बोलले नाही.

त्या संध्याकाळीही मांजर आली. मी वळून बघितलं. पत्ते उचलले, तर तीन एक्के, खेळातली सगळ्यांत मोठी पानं.

मला वाटलं, मायला मोतीबिंदू झाला असणार, त्यानेच घात केला. स्वतःसाठी लावलेली पानं तिने मला वाटली. आणि वर ती ऐटीत चाल दुप्पट करत होती. शकुंतलाबाईंनी पानं टाकली. मी एक्के दाखवले असते, तर दारावरचं कात्रण खोटं पडलं असतं. मी ते टाकायला हात पुढे केला.

"काऊन वो, भेली का?" माय म्हणाली.

तेवढ्यात लीलाधरमामा मंडईसाठी येऊन ठेपले. माय उठली. "डाव मोडू नोको. सकाळी दाखवू." तिने आम्हा दोघींची पानं कोनाड्यात उपडी ठेवली, वर एकेक वाटी झाकली. जेवताना मामांना सांगत होती, पोरीला कसा घाम फुटला ते.

सकाळी ती उठली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. शकुंतलाबाईंनी सपरीत चटई अंथरली आणि मायची जागा सोडून बसल्या.

"दाखव."

"राहू द्या ना, मावशी."

"दाखव म्हणतो ना. डाव अर्धा ठेवून गेली ते."

मी आधी माझे एक्के मांडले. मग मायची वाटी उचलली. दुर्री, चौकी, सत्ती. तीन पानं, तीन रंग. असल्या पानांवर ती चाल वाढवत होती.

"दुपारभर गड्डी लावून राहिली होती," शकुंतलाबाई म्हणाल्या. "म्हणे, पोरगी किती साल जाणून हरून राहिली. तिले वाटते, मले समजत नाई. एक खेप जिकू दे तिले. वरतून मले म्हणे, तू पानं टाकजो."

मायच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

शकुंतलाबाईंनी मायचा चिंचोक्यांचा ढीग माझ्याकडे सरकवला. मी वळून चुलीकडे बघितलं आणि मोठ्याने म्हटलं,

"माय, आपल्या घरी मांजर नव्हतीच वो. मले माहीत होतं."